अप्पा 'बरोबर हाय' म्हणाले तो दिवस

सेलूच्या बाजारात कुणाला वाद घालायची खुमखुमी आली आणि समोर माणूस सापडेना, तर लोक त्याला सरळ वीरभद्रअप्पांच्या दुकानावर धाडायचे. दुकान दोरखंडाचं. कासरे, दावी, वेसणी, बैलांच्या घुंगुरमाळा. पण गिऱ्हाइकाच्या हाती माल पडायच्या आधी कानावर एक शब्द पडायचा, "गलत!"

तुम्ही नुसतं म्हणा, "अप्पा, आज ऊन लय हाय."

"गलत! ऊन काल होतं. ही झळ हाय. ऊन वरून लागतंय, झळ खालून. बस, सांगतो."

आणि ते सांगायचे. त्यांच्या भिंतीला लागून माझं शिंप्याचं दुकान, त्यामुळं ही कथा मी वीस वर्षं फुकट ऐकली. एकदा वैतागून म्हणालो, "अप्पा, निदान माझं नाव दिगंबर हाय, एवढं तर बरोबर?"

"सरासर गलत! तुझ्या बापानं दत्तात्रय ठरवलं होतं. तुझ्या आत्यानं ऐनवेळी घोळ केला. मी बारशाला होतो, तू काय सांगतोस?"

घ्या! म्हणजे माणसानं स्वतःच्या नावावरसुद्धा हक्क सांगू नये.

एक दिवस बोरीचा एक शेतकरी कासरा घ्यायला आला. वर टांगलेल्या वेटोळ्याकडं बघून म्हणाला, "हा बारा हात भरंल."

"गलत! साडेबारा. थांब, मोजून दावतो," म्हणत अप्पा स्टुलावर चढले. हात वर, मान मागं वळवलेली, तोंड चालूच. स्टूल सरकलं आणि अप्पा उताणे पडले. डोकं ओट्याच्या दगडावर आपटल्याचा आवाज माझ्या दुकानात आला. मी सुई टाकून धावलो. बघतो तर रक्ताचा थेंब नाही. अप्पा उठून बसले, धोतर झटकलं. शेतकरी बिचारा घाबरून म्हणाला, "राहू द्या अप्पा, बाराच असंल."

"बरोबर हाय," अप्पा म्हणाले.

हा शब्द त्यांच्या तोंडून आजवर कुणी ऐकला नव्हता. मला तिथंच समजायला पाहिजे होतं. पण नाही! मला हसू फुटलं. मी बाहेर जाऊन गल्लीला बातमी दिली, आणि मग काय, जत्राच भरली. तहसिलीतला चपराशी म्हणाला, "अप्पा, ते एवढंसं चुडावा परभणीपेक्षा मोठं गाव हाय."

"बरोबर हाय."

पानवाला म्हणाला, "अप्पा, रेल्वेला पुढून बैल जुंपतेत."

"बरोबर हाय."

हसून हसून आमची पोटं दुखली. "देवानंच टाळकं ठिकाणावर आणलं," असं मी म्हणालो. मीच. अप्पा उजेडाकडं डोळे बारीक करून बसले होते. "दिगू, आज वार कोणता?" त्यांनी विचारलं. मी सांगितलं. थोड्या वेळानं पुन्हा तेच. मला त्याचंही हसू आलं.

दुपारी त्यांच्या मालकीणबाई, गौराअक्का, भाकरी घेऊन आल्या. "आज वांग्यात मीठ जरासं जास्त झालंय," त्या म्हणाल्या.

"बरोबर हाय."

अक्कांनी भाकरीचं फडकं खाली ठेवलं. नवऱ्याच्या तोंडाकडं बघत राहिल्या. मग डोक्यामागं हात फिरवला. लिंबाएवढं टेंगूळ लागलं. "सकाळी पूजा केलेली याद हाय का?"

अप्पांनी गळ्यातल्या लिंगाला हात लावला. "पूजा राहिलीच की. पाणी काढ आंघोळीला. आज वार कोणता?"

अक्का आमच्यावर अशा वळल्या की पानवाला दोन पावलं मागं गेला. "हसायलाव? लाज न्हाई वाटत? चाळीस वर्षं झाली लगनाला. ह्या मानसानं माझं येक बोलणं बरोबर म्हणलं न्हाई. हे बरे न्हाईत. दिगू, टांगा आण, पळ!"

टांग्यात अप्पांना दोनदा उलटी झाली. तेव्हा माझ्या तोंडचं पाणी पळालं.

सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरसाहेबांनी डोळ्यांत दिवा धरून पाहिलं, सरळ रेघेवर चालवलं. अप्पांचा झोक गेला. साहेब माझ्याकडं बघून म्हणाले, "खून नहीं निकला तो अच्छा समझे? भेजा हिल गया है." मग हुकूम सुटले. अंधारी खोली. पडून राहायचं. लिखापढी नक्को, आवाज नक्को, "और बहस तो बिल्कुल नक्को!" उलट्या थांबल्या नाहीत, डोकं फार ठणकू लागलं, हाकेला जागे झाले नाहीत, तर तसंच उचलून आणायचं.

"बरे होतेन का, साहेब?" अक्कांनी विचारलं.

"होंगे, अम्मा. जल्दी नक्को करो."

घर दुकानाच्या मागंच. अक्कांनी खिडकीला घोंगडं लावलं. चौथ्या दिवशी अप्पांना वाटलं आपण ठणठणीत. दुकानाकडं निघाले आणि दाराशीच भिंत धरून खाली बसले. पुन्हा खोली. मी माझं मशीन उचलून गल्लीच्या दुसऱ्या टोकाला नेलं, खडखड नको म्हणून. रोज सकाळी लोक मला विचारायचे, "गलत म्हणले का?" मी मान हलवायचो. अजून नाही. अप्पा सगळ्याला हो म्हणत होते. मला जेवण जाईना. एक माणूस मरणाच्या दारात बसला होता आणि मी टाळ्या पिटत होतो! हे असेच राहिले तर ते पाप माझ्या माथी, दुसऱ्या कुणाच्या नाही.

तिसऱ्या हप्त्यात एका दुपारी मी त्यांच्याजवळ बसलो होतो. काहीतरी बोलायचं म्हणून बोललो, "आज गारवा हाय, अप्पा."

"गलत," अंधारातून आवाज आला. "गारवा न्हाई. आभाळ आलंय."

स्वयंपाकघरात तांब्या पडला. अक्का पदरानं डोळे पुसत दारात आल्या. "महादेव पावला रे बाबा!" मी गल्लीला सांगायला उठलो, तर अप्पांनी माझं मनगट धरलं.

"दिगू, त्या दिवसाचं मला काय बी याद न्हाई. हिनं सांगितलं, मी समद्याला बरोबर म्हणत होतो. खरं सांग. लोकाला बरं वाटलं?"

खोटं अगदी जिभेवर होतं. पण ते अंधारातही माझ्याकडंच बघत होते.

"वाटलं, अप्पा. सगळ्यात आधी मला."

अप्पा हळू म्हणाले, "वाटणारच. आमाला लेकरूबाळ न्हाई, दिगू. कासऱ्याला आलेलं मानूस कासरा घेतंय आन् चाललं. त्याला बरोबर म्हणलं की ते उठतंय. गलत म्हणलं की घडीभर बसतंय."

लगीनघरचे कपडे शिवायचे पडले होते, ते लोक दुकानाशी खोळंबले असणार. मी परत खाली बसलो. अक्कांनी चहा आणून ठेवला. अप्पा डोळे मिटून पडले होते, मनगट सोडलं नव्हतं. दिवेलागण झाली तरी मी उठलो नाही.