पाटी वाचता येईल असं कार्ड

“पाटी आहे, पाटीचा खांब आहे, मग पाटीवरचं नाव कोणी खाल्लं?”

दामूकाका माझ्या दुकानात ओरडत होते. त्या आवाजाने शेल्फवरचे कीबोर्ड आपोआप टाइप करायला लागले आणि रस्त्यापलीकडे चिकूच्या टोपल्या मोजणारा माणूस आकडा विसरून पुन्हा एकपासून सुरू झाला. २०१६ सालची गोष्ट. डहाणू रोडला कॉम्प्युटरचं दुकान टाकल्यापासून मी तऱ्हेतऱ्हेची गिऱ्हाइकं पाहिली, पण ग्राफिक्स कार्डाची तक्रार घेऊन येणारं अठ्ठावन्न वर्षांचं गिऱ्हाईक हे एकच.

काका वाणगावचे, डाय बनवणारे. डाय म्हणजे दागिन्यांचा साचा. पोलादाच्या ठोकळ्यात नक्षी उलटी कोरायची, त्यावर पत्रा ठोकला की ती सुलटी उठते. चाळीस वर्षं उलटं कोरल्यामुळे काका वर्तमानपत्र आरशात धरून वाचतात, असं मी लोकांना सांगतो. ते खोटं आहे, पण त्यांना शोभतं. जगातल्या कुठल्याही वस्तूवर त्यांचा शेरा एकच, “केसभर चुकलंय.” माझ्या लग्नात अंतरपाट दूर झाला, तेव्हाही ते पुढे वाकून हेच म्हणाले. नथीबद्दल म्हणाले असावेत, अशी मी आजवर बायकोची समजूत घालत आलोय.

या माणसाला सायकलसुद्धा येत नाही, पण वेड घाटात ट्रक चालवण्याच्या गेमचं. कामावरून आले की कुठल्यातरी परदेशी घाटात ट्रक घालायचे. वळणावर हॉर्न, चढावर पहिला गिअर. काकूंनी जेवायला हाक मारली, तर “थांब, आधी बाजूला लावू दे.”

त्यासाठी त्यांना कमी बजेटमधलं कार्ड हवं होतं. गेम खेळणारी मंडळी आधी फ्रेम, म्हणजे पडद्यावर सेकंदाला सरकणारी चित्रं, किती मिळतात ते विचारतात. मी पहिलं कार्ड बसवून छाती फुगवून सांगितलं, सेकंदाला चाळीस. काका म्हणाले, “चाळीस काय करायच्यात? मला एकच दे, पण नीट दे.” त्यांची परीक्षा वेगळीच होती. रस्त्याच्या कडेला गावाच्या नावाची पाटी येते, ती किती लांबून वाचता येते ते बघायचं. पहिलं कार्ड नापास. दुप्पट मेमरीचं दुसरं दिलं, तेही नापास. आज तिसरी खेप होती. सीपीयू काकूंच्या पातळात गुंडाळून, चिकूच्या टोपलीत बसवून, रिक्षाने आणला होता.

मी मशीन जोडलं, ट्रक सोडला. गेम पाण्यासारखा पळत होता. काका, या भावात याहून चांगलं कार्ड सुरतेपर्यंत मिळायचं नाही, असं मी सुनावलं. तेव्हा ओरडणं एकदम थांबलं. काका स्टूल ओढून माझ्याजवळ सरकले आणि हळू आवाजात म्हणाले, “ते राहू दे. तुला वाचता येतं का, तेवढं सांग.”

मी डोळे बारीक केले. “नाही, काका. मलाही धूसरच दिसतंय.”

“मन राखायला सांगतोस.”

मी शपथ घेतली, तरी त्यांचा विश्वास बसेना. शेजारच्या कापडवाल्या हंसाबेनना ते हाताला धरून घेऊन आले. हंसाबेननी पडद्याला नाक लावलं. “कंई वंचातुं नथी, दामूभाई.” त्यांनाही काही वाचता येत नव्हतं. काकांचा चेहरा असा खुलला, की आपण यांना लॉटरी लागल्याचं सांगितलं की काय, असं हंसाबेनना वाटलं. काकांनी ते वाक्य त्यांच्याकडून आणखी एकदा म्हणवून घेतलं, आणि मग मटकन स्टुलावर बसले.

हळूहळू एकेक बाहेर आलं. कारखान्यात त्यांच्याच वयाच्या दोघांना बारीक दिसेनासं झालं, तेव्हा मालकाने त्यांच्या हातातली छिन्नी काढून चिकटपट्टी दिली आणि पॅकिंगला बसवलं. काकांनी धसका घेतला. गेममधली पाटी वाचता येते तोवर आपले डोळे शाबूत, असं त्यांनी मनाशी धरलं. पाटी काही वाचता येईना. महिनाभर त्यांनी नवी डाय हातात घेतली नव्हती. मालकाला पाठ दुखते म्हणून सांगितलं, काकूंना काहीच नाही. माझ्या दुकानात येऊन कार्डावर ओरडायचे आणि मनातल्या मनात कार्डच खराब निघू दे म्हणून देवाला हात जोडायचे.

कार्ड बिचारं निर्दोष होतं. गुन्हेगार मी. चाळीस फ्रेमची फुशारकी मारायला दोन्ही वेळा मीच चित्राचा दर्जा पार तळाला नेऊन ठेवला होता. आता तो वर चढवला. ट्रक बैलगाडीसारखा हिसके खात निघाला, वीस फ्रेमसुद्धा निघेनात. दूर वळणावर पाटी उगवली. मला अजून नुसता ठिपका दिसत होता, तोवर काकांनी एकेक अक्षर सांगून टाकलं. पाटी जवळ आल्यावर मी ताडून पाहिलं. एकही अक्षर चुकलं नव्हतं.

हिसके कमी करून देतो म्हटलं, तर नको म्हणाले. उद्यापासून एका झुमक्याची डाय घ्यायची होती, तिच्या पाकळ्या किती बारीक आहेत ते मला आणि हंसाबेनना बोटांनी दाखवत राहिले.

टोपली रिक्षात ठेवताना मी विचारलं, एवढी भीती होती तर सरळ डोळ्यांच्या डॉक्टरकडे का गेला नाहीत?

“तो सांगून मोकळा झाला असता,” काका म्हणाले.