तिरक्या चालीचा तुडतुडा

कोणताही जीव त्याचं शास्त्रीय वर्णन छापून येईपर्यंत अस्तित्वात नसतो. तोवर तो नुसताच जिवंत असतो. त्यामुळे संस्थेच्या कुंपणावर पिढ्यान्‌पिढ्या उड्या मारणाऱ्या एका तुडतुड्याला अस्तित्वात आणण्याची जबाबदारी कीटकशास्त्र विभागातल्या संशोधिकेवर येऊन पडली. सूक्ष्मदर्शकावर वाकून वाकून तिची मान कायमची आखडली, तेव्हा कुठे खात्री झाली की हा किडा जगात कुणीच नोंदवलेला नाही. अशा वेळी नाव द्यायचा मान शोधणाऱ्याचा (म्हणजे त्याच्या साहेबांचा) असतो.

तिला आईचं नाव द्यायचं होतं. आईने कपडे शिवून तिला शिकवलं होतं, आणि आईच्या नावावर आजवर काहीच नव्हतं, विजेचं बिलसुद्धा.

"आई कुठल्या पदावर आहेत?" विभागप्रमुखांनी विचारलं.

"पदावर नाही सर. घरी असते."

"मग संचालकसाहेबांचं देऊ." (त्यांच्या मुदतवाढीचा कागद संचालकांच्या टेबलावर पडून होता.)

ती पुन्हा सूक्ष्मदर्शकावर वाकली. तिथे डोळे पुसले तर कुणाला कळत नाही. मग तिने वर्णन लिहिलं. पदरचं एक अक्षर घातलं नाही.

'डोकं छातीपेक्षा रुंद. बसल्या जागी पानाचा रस शोषतो. पान पिवळं पडलं की पुढच्या पानावर जातो. सरळ चालत नाही, तिरका सरकतो. स्वतःच्या अंगातून निघालेली भुकटी अंगभर चोळतो, त्यामुळे त्याला काहीच चिकटत नाही. चाहूल लागताच पानामागे दडतो.'

विभागप्रमुख वाचून पोट धरून हसले. मग उठून त्यांनी दार लावलं.

"बाई, हे तर हुबेहूब संचालकसाहेब. जरा सौम्य करा."

"किडा तसाच आहे, सर."

एक प्रत तोवर वर गेलीच होती. संचालकही खूप हसले. "आपले विभागप्रमुख डोळ्यांसमोर उभे राहिले," ते म्हणाले. "नाव त्यांनाच शोभेल."

त्यानंतर दोघांनी एकमेकांना इतका मोठेपणा दिला, की संस्थेच्या इतिहासात तसा कुणी कुणाला दिला नव्हता. अखेर नाव निरुपद्रवी व्यक्तीचं असावं असं एकमताने ठरलं, आणि आईची वर्णी लागली.

संध्याकाळी संशोधिकेने ते वर्णन आईला वाचून दाखवलं. आईने मशीन थांबवून शेवटपर्यंत ऐकलं.

"काकूला अगदी बरोबर पकडलंस," ती म्हणाली. "पण वर नाव माझं का घातलंस गं?"

वर्णन यथाकाळ छापून आलं. वाचणाऱ्या प्रत्येकाला त्यात ओळखीचं कुणीतरी सापडलं. शास्त्राला अशीच अचूकता हवी असते. तुम्हालाही आत्ता कुणीतरी आठवून हसू आलं असेल. खुशाल हसा. फक्त तुमच्या घरातलं माणूस हे वाचायला घेईल, तेव्हा मध्येच मान वर करून ते कुणाकडे बघतं, ते पाहू नका.