परबबाईंच्या ताऱ्याचं कडं

आमच्या बोरिवलीच्या सोसायटीतल्या परबबाई कुणाकडेही बघताना एक डोळा मिटतात आणि हात लांब करून समोरच्या माणसावर अंगठा धरतात. लग्नात तर सरळ नवरानवरीला झाकतात. "मुख्य माणूस झाक, मग आजूबाजूचं दिसायला लागतं," हे त्यांचं पालुपद. एका मीटिंगमध्ये त्यांनी सेक्रेटरींना झाकलं, आणि सेक्रेटरींनी तो वर गेलेला हात मत म्हणून मोजला. त्या एका मतावर आमची इमारत आज गुलाबी आहे.

खोड कामातून आलेली. बाई खगोलशास्त्रज्ञ. कोवळ्या ताऱ्यांभोवती धुळीचं कडं असतं, ते त्या शोधतात. ताऱ्याच्या उबेनं ती धूळ तापते आणि इन्फ्रारेडमध्ये, म्हणजे आपल्या डोळ्यांना न दिसणाऱ्या उजेडात, मंद चमकते. फक्त ताऱ्याचा लखलखाट आधी झाकावा लागतो. हे सगळं मी जिन्यात, हातात भाजीची पिशवी घेऊन शिकलेय. बाईंच्या स्वतःच्या घरात मात्र धुळीचा कण खपत नाही.

सात वर्षांपूर्वी त्यांना एका ताऱ्याभोवती असं कडं दिसलं. बाकीचे जाणकार म्हणाले, छे, ती मागची कुठलीतरी दूरची दीर्घिका. बाई म्हणाल्या, थांबा. तारा आकाशात हळूहळू सरकतो. कडं त्याचं असेल तर त्याच्याबरोबर सरकेल, नाहीतर मागे राहील. मग दुसरा फोटो मिळेपर्यंत बाई थांबल्या. लोक चेष्टेनं विचारायचे, "काय, पोचला का तारा?" बाई शांतपणे म्हणायच्या, "निघालाय."

परवा सकाळी बेल वाजली. दारात बाई, केस विस्कटलेले, एका हातात फोटो, दुसऱ्यात पेढ्यांचा बॉक्स.

"ता तेच्याबरोबर सरकला गो," म्हणाल्या. एरवी शुद्ध बोलणाऱ्या बाई चक्क मालवणीत.

कडं ताऱ्याचंच होतं. नाही म्हणणाऱ्यांनीही पत्र पाठवून कबूल केलं होतं. मला इतका आनंद झाला की पिठाच्या हातांनीच मी त्यांना मिठी मारली.

"झकास. कामाबाहेरच्या कुणाला आधी सांगितलंत?"

"तुलाच," त्या म्हणाल्या. "आई असती तर तिला सांगितलं असतं. तिला यातलं ओ की ठो कळायचं नाही, पण पोळ्या लाटायच्या थांबवून ऐकायची."

मी गॅस बंद केला, त्यांना खुर्ची दिली आणि म्हटलं, "आता पहिल्यापासून सांगा."