शिवी घाला, बाहेर या

धोंडूमामा जखमी माणसाला आधी डिवचायचे, मग पाणी द्यायचे.

पासली गावाकडच्या आमच्या वाडीत शिमगा सरला की विहिरी आटत. घरात भाकरीची मारामार होतीच, पाण्याची त्याहून मोठी. मग गडीमाणसं डोंगरातल्या खोल गुहेत उतरून झऱ्याचं पाणी आणत. वाटेत एक फट इतकी अरुंद, की पोटावर सरपटावं लागे. आत कुणाचं हाड मोडलं की मामांना हाक. दोर कुणाकडंही असे. मामांकडं शास्त्र होतं.

"दुखऱ्या माणसाला श्वास सोड म्हणलं तर त्यो भिऊन छाती फुगवतो. त्यानंच शिवी घातली की छातीचा भाता रिकामा. तेवढ्यात वढायचं!"

पुढं पुण्याला कॉलेजात मास्तरांनी फुप्फुसाचं चित्र लावलं, तेव्हा वर्गात मी एकटाच हसलो. घराण्यातला पहिला पदवीधर मी. पण हा धडा मला आधीच येत होता.

कारण एका वर्षी आमचे आबाच आत पडले. मांडी मोडली. मामांनी त्यांना घोंगडीत गुंडाळून फटीपर्यंत आणलं आणि आबा बरगड्यांशी अडकले. पंचाईत अशी, की आबा माळकरी. जन्मात शिवी नाही.

"घाल की रं मला शिवी!" मामा मागून ढकलत होते.

"न्हाई धोंडबा. माळ हाय गळ्यात."

"मग मर हितंच, माळंसकट!"

"रामकृष्णहरी."

अलीकडं आम्ही दोर धरून. आबांचा आवाज बारीक होत चाललेला. मामांनी त्यांचा सासरा काढला, सोयरे काढले, आबा ढिम्म. शेवटी मामा म्हणाले, "तुजा सर्जा कसला बैल? शिंगं लावल्याली शेळी हाय ती!"

आबांनी जी शिवी हासडली, ती मी अजून कागदावर लिहू शकत नाही.

"वढा!"

आबा सुटले. त्यांना उचलून सगळे वर गेले. मामा येईनात, म्हणून मी कंदील घेऊन मागं फिरलो. ते फटीच्या दगडाला कपाळ टेकून बसले होते.

"मामा, लागलं का?"

"न्हाई रं. माजा थोरला भाऊ हितंच अडकला व्हता. म्या नुसता 'दादा, दादा' करत रडलो. मला धीर द्यायला त्यो गप पडून ऱ्हायला, छातीत दम धरून." त्यांनी दगडावरून हात फिरवला. "चल म्होरं."

मामांच्या दादानंतर त्या गुहेत कुणी मेलं नाही.