काळोखेकाकांचा ढोमा

गेले चार रविवार मी आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये मासा होतो. म्हणजे दोरीच्या टोकाला बांधलेली बटाट्यांची पिशवी धरून उकिडवं बसायचं आणि काळोखेकाका गळाचं रीळ फिरवायला लागले की हिसके द्यायचे. बिबवेवाडीत राहून समुद्रातला मासा व्हावं लागेल, हे फ्लॅट घेताना मला कोणी सांगितलं नव्हतं.

काळोखेकाका माझ्या समोरच्या दारात राहतात. मूळचे हडपसरचे, हडपसर गाव होतं तेव्हाचे. सगळा जन्म मार्केट यार्डात कांदा-बटाट्याच्या गाळ्यावर तोलणार म्हणून गेला. हातात घेतलेल्या वस्तूचं वजन ते काट्याशिवाय सांगतात. माझी मुलगी जन्मली तेव्हा तिला उचलून त्यांनी आधी वजन सांगितलं, मग अभिनंदन केलं. "हाताला इचारू" हे त्यांचं पालुपद. कलिंगड असो की कुरिअरचं पाकीट, हाताला विचारल्याशिवाय काही घरात जात नाही.

अशा माणसाला अडुसष्टाव्या वर्षी समुद्रकिनाऱ्यावर उभं राहून ढोमा मासा पकडायचं वेड लागलं. मी पडलो रत्नागिरीकडचा, म्हणून सल्लागार. माझा माशांशी संबंध फक्त ताटापुरता आहे, हे मी तीनदा सांगून पाहिलं.

"ताटापत्तुर तरी हाय ना, साळवीसाहेब," म्हणाले, आणि मला स्कूटरवर मागे बसवून कॅम्पातल्या एका दुकानात घेऊन गेले.

दुकानदाराने वीस मिनिटांत विषय संपवला होता. नवशिक्याला दहा फुटी रॉड पुरे, त्याला साजेसं रीळ, शंभर ग्रॅमचं शिसं, रॉड वाळूत उभा करायला एक पाइप आणि गळाला कोळंबी. काकांनी बाकी सगळं घेतलं आणि रिळापाशी अडले. एकेक रीळ हातात घ्यायचे, डोळे मिटून डाव्या हाताने मूठ फिरवायचे आणि परत ठेवायचे. "जड जातंय." पोती उचललेला उजवा हात मात्र खिशात. उजव्याने फिरवा की, मूठ दोन्हीकडे बसते, असं मीही म्हटलं आणि दुकानदारही म्हणाला. त्यांनी आम्हा दोघांकडे मापात कमी भरलेल्या पोत्याकडे बघावं तसं पाहिलं.

पाचव्या फेरीला दुकानदाराने हात जोडले. चार रिळं घरी न्या, सावकाश बघा, पण आता आलात तर एकच ठरवून या, म्हणाला. तिथून माझं मत्स्यजीवन सुरू झालं. रेतीच्या बादलीत पाइप, पाइपात रॉड, ढोमा अर्ध्या किलोचा धरून हाताने निवडलेले अर्धा किलो बटाटे, आणि मी. सेक्रेटरींनी विचारलं हे काय चाललंय, तेव्हा मी काकांकडे बोट दाखवलं. ढोमा पाण्याबाहेर आला की घशातून कुरकुरतो, हे काकांनी त्यांनाही ऐकवलं. माझी कुरकुर कोणी ऐकत नव्हतं.

चौथ्या रविवारी माझी कंबर धरली आणि तोंड सुटलं. तुम्हाला मासा नकोच आहे, नुसती निवडानिवड हवी आहे, असं मी स्पष्ट सुनावलं. काका बटाट्यांची पिशवी या हातातून त्या हातात करत राहिले.

"मला कुठं धरायचाय मासा? हिला धरायचाय."

काकूंना तीन वर्षांपूर्वी अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. दवाखाना सोडला तर तेव्हापासून त्या दाराबाहेर आलेल्या नाहीत. माहेर गुहागरकडचं, लहानपणी वडिलांबरोबर किनाऱ्यावर गळ घेऊन उभ्या राहायच्या. आता गळ काका फेकणार, रॉड पाइपात उभा राहणार आणि रीळ फिरवणार काकूंचा डावा हात. हे अजून काकूंनाही माहीत नव्हतं.

"पयल्याच खेपेला हात हरला, तर ती पुन्हा न्हाई यायची," काका म्हणाले. "म्हनून हलकं घावू द्या म्हटलं."

मला माझ्या कंबरेची लाज वाटली. पण चीडही आली होतीच.

"काका, तुमचा हात पोती तोललेला. डावा झाला तरी तुमचाच. त्याला काय कळणार? ज्यांनी फिरवायचं त्यांच्या हाताला विचारा."

चाळीस वर्षं तोलणारी केलेला माणूस हातातली पिशवी माझ्याकडे देऊन वळला. मग लिफ्टकडे गेला.

अर्ध्या तासाने लिफ्टचं दार उघडलं. चाकाच्या खुर्चीत काकू, डोक्यावरून पदर, मान खाली. काकांनी खुर्ची बादलीशेजारी लावली. पहिलं रीळ दोन फेऱ्यांत थांबलं, दुसरंही. काकूंनी हात मांडीवर घेतला. काकांचा चेहरा पडला. तरी तिसरं लावलं, आणि ते फिरलं. मी पिशवी नुसती सैल सोडली.

"हिसका द्या," काका दरडावले. "तिला फुकटचा ढोमा नको."

मी दिला. काकूंनी ओठ आवळले आणि रेटून फिरवलं. मी उकिडवा सरकत सरकत त्यांच्या पायांपाशी पोचलो. काकूंनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं आणि घशातून कुरकुर असा आवाज काढला, हुबेहूब ढोम्यासारखा असणार. मग त्या हसल्या.

"हेच रीळ," काका स्कूटरींकडे तोंड फिरवून म्हणाले.

जरा वेळाने वळले आणि त्यांनी काकूंचा डावा हात आपल्या तळहातावर घेतला. बराच वेळ तसाच धरला. वजन काही सांगितलं नाही.