टावेलाखालचा पियानो

आमच्या चौसाळ्यात साळवे सरांकडे पियानो शिकणाऱ्या पोरांना पियानो बघायची मनाई आहे. पट्ट्यांवर कायम एक निळा टावेल अंथरलेला. पोरांनी त्याच्याखाली हात घालायचे आणि नजर समोरच्या भिंतीवर ठेवायची. मान जरा खाली गेली की सर कडाडतात, "खाली कावून बघायलीस? पट्ट्या पळून चालल्यात व्हय?"

आता पियानो आपला म्हणायचा. आहे तो कीबोर्ड, आणि तोही सर सेलवरच चालवतात. त्यांचा विजेवर काडीचा विश्वास नाही.

सरांचं सगळं आयुष्य टायपिंग इन्स्टिट्यूट चालवण्यात गेलं. हायवेला लागून एक खोली, चौदा मशिनी, आणि दिवसभर नुसता खडखडाट. मीही तिथलाच. मिनिटाला तीस शब्दांचा स्पीड तिसऱ्या खेपेला निघाला आणि बीडला कारकून म्हणून चिकटलो. पुढं कॉम्प्युटर आले, पोरं यायची बंद झाली. मशिनी मात्र अजून तिथंच आहेत. दर रविवारी सर चौदाही मशिनींना तेल देतात. कुणासाठी, ते विचारायची माझी छाती नाही.

विहारात भीमगीतांना पेटी ते आधीपासून वाजवायचे. त्या जोरावर त्यांनी त्याच खोलीत पियानोचा क्लास काढला. "मशीन कोणतीबी असू द्या, बोटं तीच हायेत," असं त्यांचं म्हणणं. शिकवायची रीतही टायपिंगचीच, टावेलासकट. धून सारेगममध्ये ओळीनं वहीत उतरवायची, पाठ करायची. एक सूर चुकला की अख्खी ओळ पुन्हा. "खाडाखोड चालणार न्हाई!" ओळ संपली की सर तोंडानं 'टिंग' करतात, टायपिंग मशीनची घंटी वाजायची तसं. लगेच त्यांचा डावा हात उठून हवेतला दांडा ढकलतो, म्हणजे मशीन पुढच्या ओळीवर. पोरांनी हेही उचललं. माझी प्राची तर घरी टावेल टाकून वाजवताना अशी हवा ढकलायची की पाहुण्यांना वाटायचं, पोरगी माशा हाकलतेय.

मागच्या वर्षी शाळेच्या गॅदरिंगला सगळं मुसळ केरात गेलं. कुणातरी हौशी बाईंनी स्टेजवर टावेल काढून घेतला. प्राचीनं जन्मात पहिल्यांदा धून वाजवताना पट्ट्या बघितल्या आणि तिची बोटंच थिजली. तीनशे माणसांसमोर पोरगी रडत खाली उतरली. मला सरांचा असा राग आला होता म्हणता!

यंदा मी जाऊन सांगितलं, "सर, टावेल तरी काढा, न्हाईतर ह्या गॅदरिंगनंतर तिचा क्लास बंद." बाकीची पोरं केव्हाच गळाली होती. प्राची शेवटची. सरांनी पट्ट्यांवरचा टावेल सारखा केला. मग म्हणाले, "टावेल न्हाई निघायचा. पण तुमी म्हणताव तर स्टेजवर तिला बिनटावेलाचं बसू द्या. बघू."

गॅदरिंगला सर माझ्या शेजारी बसले, खांद्यावर निळा टावेल. प्राची बसली. पट्ट्यांकडं बघितलं. पहिल्याच ओळीत दोनदा अडखळली. तिची हनुवटी थरथरायला लागलेली मला तिसऱ्या रांगेतून दिसली.

आणि लाईट गेली.

माईक बंद, मांडवात मिट्ट काळोख. पोरांनी शिट्ट्या सुरू केल्या. तेवढ्यात त्या काळोखातून धून ऐकू आली. पहिल्यापासून. सेलवरचा बारका आवाज, पण स्वच्छ, एकही सूर इकडचा तिकडं नाही. तिला काय, सगळा मांडवच टावेलाखाली गेला होता! शिट्ट्या थांबल्या. इतकं हलकं मला कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं.

ओळ संपली. "टिंग," शेजारी सर हळूच म्हणाले. आणि माझा डावा हात आपोआप उठून हवा ढकलून आला. पंचवीस वर्षांनी!

"लई शांत असती वो ती खोली," अंधारात सर म्हणाले. "दिवसभर बोटांचा आवाज असायचा. आता हिचा एक तास तेवढा. उद्या पाठवताल न्हवं?"

"पाठवतो, सर," मी म्हणालो. "टावेल राहू द्या."

टाळ्या सुरू झाल्या आणि लाईट आली. सर दोन्ही हातांनी टावेल डोळ्यांवर दाबून बसले होते.

"मशीनचं तेल लागलंय ह्याला," ते आतूनच म्हणाले. "झोंबायलंय."