घूसमामा

माझा धाकटा भाऊ यशवंत, आमचा येसू, माती चाखायचा. लहानपणी सगळीच पोरं माती खातात, त्याचं काही नाही. पण हा पन्नाशीला टेकलेला, डोक्याला टक्कल, खिशात सरकारी ओळखपत्र, आणि चारचौघांत बोटावर माती घेऊन जिभेला लावायचा. मग डोळे मिटून, आमरसात साखर पुरे झाली का बघावं तसं तोंड करून म्हणायचा, "राख आहे यात." मी पदरात तोंड लपवायचे.

लाज म्हणजे काय, हे मला सासूनं नाही शिकवलं. या भावानं शिकवलं.

आता त्याची नोकरीच तसली. जुन्या वसाहती खणतात ना, त्या खात्यात तो होता. साहेब लोक मजुरांकडून खणून घ्यायचे आणि जे निघेल ते हा मापून कागदावर काढायचा. भिंत निघाली, भिंत काढ. जमीन निघाली, म्हणजे जुन्या लोकांच्या घरातली चोपलेली, सारवलेली भुई, की ती काढ. खड्ड्याची उभी बाजू तासायची, तिच्यावर पाणी शिंपडायचं, की मातीचे थर दिसायला लागतात. गोधडीची कड उसवली की आतली जुनी लुगडी दिसतात बघा, एकाखाली एक, तसे. तिथं दोरी बांधायची, ओळंबा सोडायचा, आणि प्रत्येक थर जसाच्या तसा उतरवून घ्यायचा. मी एकदा म्हटलं, "अरे, ही रेघ थोडी सरळ काढली तर कुणाला कळणार आहे?" तर माझ्याकडे असा बघत बसला, जसं काही मी त्याला देवळातली घंटा चोरायला सांगितली.

"अक्का, खणलं की ते गेलं. परत तसं रचता येत नाही. मी खोटं काढलं, तर ते कायमचं खोटं."

त्याचं दुसरं ठरलेलं वाक्य म्हणजे, "यात घूस आहे." घूस जमिनीत बीळ करते, वरची वस्तू खाली ढकलते, आणि हजारो वर्षांच्या थरात परवा पडलेलं शर्टाचं बटण सापडतं. शहाणे फसतात, पण येसू फसायचा नाही. इथवर ठीक होतं. पण हे वाक्य तो घरी घेऊन आला. आमच्या ह्यांचं चाळीसगावला धान्याचं दुकान. रात्री जेवताना हे सांगायचे, मी त्या व्यापाऱ्याला असा दम दिला, तो असा चळचळा कापला. येसू भाकरी मोडता मोडता म्हणायचा, "दाजी, यात घूस आहे." ह्यांचा घास हातातच राहायचा. मेव्हणा म्हणून बोलता येत नव्हतं, मग सगळा राग माझ्यावर निघायचा.

आमचं घर तेव्हा धाब्याचं होतं, मातीच्या छपराचं. एका वर्षी ह्यांनी छपरावर घालायला गाडीभर पांढरी माती आणली. ती निघाली गावाबाहेरच्या जुन्या टेकाडावरची. येसू आला, वर बघितलं आणि म्हणाला, "अक्का, तुझ्या डोक्यावर कुणाचं तरी गाव पसरलंय गं." आणि पिठाची चाळणी घेऊन चढला छपरावर! दोन दिवस सगळं छप्पर चाळत बसला. खाली गल्ली जमली. कुणी म्हणे अंगठी हरवली, कुणी म्हणे डोकं हरवलं. त्याला मिळाली ओंजळभर खापरं. आम्हाला काय मिळालं? पावसाळाभर घर गळलं. शेजारीण पातेली उसनी देताना विचारायची, "अक्का, भाऊ कधी येणार परत?"

आणि शिरपूरचं तर सांगायलाही नको. आमचे एक नातलग वारले, दारावर बसायला गेलो. बाहेर गटारासाठी चर खणलेला. बायका गळ्यात पडून रडतायत, पुरुष उपरणं तोंडाला लावून बसलेत, आणि माझा भाऊ कुठे? चरात. नुसतं टक्कल वर दिसतंय. तिथून आवाज आला, "इथं आधी वीटभट्टी होती का हो?" वारलेल्यांची बायको रडायची थांबली आणि म्हणाली, "होती ना." परत रडायला लागली.

खणायच्या जागेवरच्या बायासुद्धा त्याला सोडायच्या नाहीत. मी एकदा डबा घेऊन गेले तर पाट्या उचलता उचलता एक दुसरीला सांगतेय, "माय व, साहेब माटी खाई ऱ्हायना!" दुसरी म्हणते, "खाऊ दे व, पगार पुरत नही व्हई!" येसूही हसला. मला मात्र तिथं उभं राहवेना.

तो एकटाच राहायचा. बायको, कुमुद, पहिल्याच बाळंतपणात गेली. बाळही राहिलं नाही. दुसरं लग्न कर म्हणून मी किती मागे लागले. म्हणायचा, "तो थर बंद झाला, अक्का," आणि चहा मागायचा. मीही मग चहाच टाकायचे.

पण मला सांगायचंय ते धुळ्याचं.

माझी मंगल लग्नाची झाली होती. दोन स्थळं हातची गेलेली. तिसरं आलं धुळ्याचं. मुलगा शिक्षक, घर चांगलं. मुलगी त्यांना पसंत होती. मंगलला घेऊन आम्ही घर बघायला आणि पुढची बोलणी करायला जायचं होतं. मामाशिवाय कसं जाणार? मामा तर लग्नात मुलीच्या पाठीशी उभा राहणारा माणूस. मी त्याला आधीच बजावलं. "येसू, हात जोडते. खुर्चीवर बसायचं. भिंतीकडं बघायचं नाही, खाली तर नाहीच नाही. वर बघायचं."

"वर काय बघू?"

"पंखा बघ!"

झालं. गुणी माणूस धुळ्याला त्यांच्या बैठकीत जो पंख्याकडे बघत बसला तो बसलाच. मान उतरेना. शेवटी मुलाचे वडील, त्यांना सगळे नाना म्हणायचे, त्यांनी विचारलं, "मामासाहेब, पंख्यात काही बिघाड दिसतो का?" मला घाम फुटला.

पण बोलणी छान चालली होती. मुलाचे काका होते, आप्पा म्हणून. माणूस जरा तिरपा. दोघा भावांच्या वाटण्या झालेल्या, आणि बापाचं सगळं आपल्याला मिळालं नाही हा सल त्यांच्या बोलण्याबोलण्यात. तरी त्यांनीही मान हलवली. पोहे झाले. आता सुपारीच फोडायची, तेवढ्यात येसू हात धुवायला उठला.

मोरी होती स्वयंपाकघराच्या पलीकडे. बैठकीत शहाबादी फरशी, पण स्वयंपाकघरात अजून सारवलेली जमीन. मी मनात म्हटलं, संपलं. आणि संपलंच. आतून आवाज आला, चांगला खणखणीत.

"इथं खड्डा घेऊन बुजवलाय! माती वेगळी आहे. गोल आहे. खाली काहीतरी ठेवलंय, जपून."

आप्पा एका उडीत आत. "काय ठेवलंय?"

"ते खणल्याशिवाय कसं सांगणार?"

"मी म्हणत नव्हतो?" आप्पा नानांवर उसळले. "बानं हंडा पुरला होता! मरताना याच घराकडे बोट करत होता! आणि तुम्ही चुलीखाली दाबून बसले!"

"आप्पा, पाहुणे आहेत."

"पाहुण्यांसमोरच होऊ द्या! नाहीतर मागून म्हणाल काहीच नव्हतं. कुदळ आणा रे!"

आता मला सांगा, सीतामाईसाठी धरणी दुभंगली, माझ्यासाठी चार इंच तरी सरकायला काय हरकत होती? मंगल बैठकीत खाली मान घालून बसलेली. हे माझ्याकडे असे बघतायत की माहेरचं नाव काढायची सोय उरली नाही. स्थळ तर गेलंच, वर दोन भावांत डोकी फुटायची वेळ आलेली, ती आमच्यामुळे.

त्या गोंधळात मुलाची आई, म्हणजे आजच्या माझ्या विहीणबाई, पुढे झाल्या. पोह्यांचं पातेलं हातात घेऊन त्या चुलीजवळ जाऊन उभ्या राहिल्या. बरोबर त्या गोलावर, दोन्ही पायांनी. नाना म्हणाले, "बाजूला हो." हलल्या नाहीत. आप्पा म्हणाले, "वहिनी, सरा." हलल्या नाहीत. हातातलं पातेलं पोटाशी घट्ट धरलेलं.

येसूनं त्यांच्याकडे बघितलं. मग त्यांच्या पायांकडे.

मग तो खाली बसला. त्या बाईच्या पायाशी, सगळ्यांसमोर गुडघे टेकून. कडेची चिमूटभर माती उचलली, थुंकी लावून चोळली, हुंगली. आणि चाखली. माझ्या होणाऱ्या व्याह्यांच्या स्वयंपाकघरात! मी डोळे मिटून घेतले.

"छे," तो म्हणाला. "चुकलो. घूस आहे."

"काय?"

"घुशीचं बीळ. घुशीनं पोखरलं, तुम्ही कधीतरी माती भरली. दुसरं काही नाही. उगाच बोललो मी. माफ करा."

आप्पांना हे पचेना. "नक्की?"

"तीस वर्षं हेच करतोय."

"तीस वर्षं सरकारचा पगार खाताय आणि घुशीचं बीळ कळत नाही?" आप्पा ओरडले. आणि मग कोण आधी हसलं कोण जाणे, नाना हसले, मुलगा हसला, दारातून डोकावणारे शेजारी हसले. आप्पाही हसले, कारण न हसून करतात काय? "बठ्ठा पगार मातीमा!" सगळा पगार मातीत, असं म्हणत त्यांनी येसूच्या पाठीवर थाप मारली. कुदळ परत गेली. त्याच हसण्यात सुपारी फुटली. मामा खुळा असला म्हणून मुलगी काही खुळी नाही, असा एकंदर निकाल झाला.

येताना एस.टी.त मी त्याला काय काय बोलले ते लिहीत नाही. खिडकीला डोकं टेकून त्यानं सगळं ऐकून घेतलं.

त्या दिवसापासून धुळ्याला त्याचं नाव पडलं ते घूसमामा. लग्नात वऱ्हाडी पोरं मागून ओरडायची, "घूसमामा, मांडवात बीळ आहे!" मंगलच्या पाठीशी तो उभा, अंगात नवा सदरा, आणि अक्षता टाकणारी निम्मी माणसं त्याच्याकडे बघून खिदळतायत. मी मान वर केली नाही.

लग्नानंतरच्या हिवाळ्यात मी त्याला डबा द्यायला परत त्या खणायच्या जागेवर गेले. तो खोल खड्ड्यात बसला होता. म्हणाला, "उतर खाली, बघ." एका जुन्या घराची भुई निघाली होती. कडेला काळी पडलेली चूल. चुलीच्या बाजूला भुईत एक गोल, आणि त्या गोलात दोन मडकी, तोंडाला तोंड लावून आडवी ठेवलेली.

"काय आहे रे त्यात?"

"लेकरू." तो ओळंबा धरून होता, दोरी हलू नये म्हणून श्वाससुद्धा हळू घेत होता. "त्या लोकांचं तान्हं मूल गेलं की ते असं ठेवायचे. बाहेर नेत नसत. घरातच, चुलीजवळ. उबेला." मग जरा वेळानं, "आमचं नदीकाठी ठेवलं होतं. गिरणेला पूर आला आणि तो काठच गेला. नाहीतर जागा तरी राहिली असती."

मी त्या गोलाकडे बघत उभी. केवढासा तो. परातीएवढा. आणि मला धुळ्याचं पातेलं आठवलं, पोटाशी धरलेलं, आणि ते दोन पाय.

"येसू... ते धुळ्याचं बीळ..."

"घुशीच्या बिळाचा काठ फाटका असतो, अक्का. तो खड्डा हातानं केलेला होता. आणि वर सारवण जाड होतं. बाकीच्या जमिनीवर एक हात फिरला असेल, तर तिथं दोन फिरलेत. मी आधी बघायला पाहिजे होतं आणि मग तोंड उघडायला पाहिजे होतं." त्यानं ओळंबा खाली ठेवला. "लाज वाटते गं मला. त्या बाईसमोर मी मोठ्यानं ओरडलो."

मी इतकी वर्षं त्याची लाज धरून बसले होते. आणि तो बिचारा स्वतःचीच. डबा तसाच माझ्या हातात गार झाला.

दोनतीन वर्षांनी विहीणबाईंच्या स्वयंपाकघरात फरशी बसायची ठरली. त्यांनी मंगलकडून निरोप पाठवला, की मामांना यायला सांगा. बाकी कुणाला नाही, मामांना. मला फार नवल वाटलं नाही. मी त्याच्याबरोबर गेले.

येसू सकाळपासून चुलीजवळ पाट टाकून बसला. गवंडी जमीन खोदून घ्यायला आला तर म्हणाला, "इथं नको खोदू. इथं भुई पक्की आहे, वरूनच बसव. मी हाताखाली राहतो." आणि त्या परातीएवढ्या जागेवरची फरशी त्यानं स्वतः बसवली. ठोकली नाही, तळव्यानं दाबली.

दुपारी विहीणबाईंनी त्याला वाढलं. भरीत, कळण्याची भाकरी, वर तूप. तो पुरे म्हणेना आणि त्या थांबेनात. तेवढ्यात आप्पा डोकावले.

"काय घूसमामा? सापडली का घूस?"

विहीणबाईंचा हात तुपाच्या वाटीवर थांबला.

येसू घास गिळून पाणी प्यायला. "नाही हो, आप्पा," तो म्हणाला. "तठेच शे ती, तिथंच. ऱ्हाऊ द्या."

आप्पा हसत निघून गेले. आणि विहीणबाईंनी तुपाची अख्खी वाटी त्याच्या भाकरीवर उपडी केली.